मुळाशी जायला हवे

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडील औषधी दुकानांच्या काचकपाटांत एका परक्या शब्दाने चांगलेच बस्तान बसवले आहे. तो शब्द म्हणजे 'अँटिऑक्सिडंट'. अश्वगंधेच्या चूर्णाच्या डबीवर तो असतो, शतावरी कल्पाच्या बरणीवर असतो, मंजिष्ठाच्या लेपावर असतो आणि आता चहाच्या पुड्यावरही असतो. विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र विभागांतून 'अमुक वनस्पतीच्या मुळांच्या अर्काची अँटिऑक्सिडंट क्रियाशीलता' अशा धाटणीच्या मथळ्याचे शोधनिबंध दर वर्षी मोठ्या संख्येने बाहेर पडतात. त्यांतील एखाद्याची बातमी वृत्तपत्रात आली की सुशिक्षित घरांतून समाधानाचा सुस्कारा ऐकू येतो. आपल्या पूर्वजांनी जे सांगितले, ते अखेर विज्ञानाने मान्य केले, असे सर्वांना वाटते.

या समाधानात गैर काही नाही. ज्या समाजाला दीडशे वर्षे त्याचे स्वतःचे वैद्यक म्हणजे अडाण्यांचा बाजार असे शिकवले गेले, त्याला अशा बातम्यांनी उभारी येणे स्वाभाविक आहे. परंतु ही उभारी टिकाऊ व्हावी असे वाटत असेल, तर प्रयोगशाळेत नेमके काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे समजून घेण्याचे कष्टही आपण घेतले पाहिजेत. मुळांविषयीचा अभिमान बाळगायचा तर विषयाच्या मुळाशी जायला हवे.

प्रथम या शब्दाचा अर्थ पाहू. आपण श्वास घेतो, अन्न पचवतो, त्यातून शरीराला ऊर्जा मिळते. या व्यवहारात प्राणवायूपासून काही अस्थिर, अतिशय क्रियाशील कण सतत निर्माण होत असतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन एकटा राहिलेला असतो आणि तो जोडीदार शोधण्यासाठी शेजारच्या रेणूवर झडप घालतो. रसायनशास्त्रात त्यांना मुक्त मूलके म्हणतात. अमेरिकी शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये असा सिद्धांत मांडला की, या मूलकांनी पेशींची जी हळूहळू हानी होते, तेच वार्धक्याचे कारण असावे. ही हानी रोखणारा पदार्थ तो अँटिऑक्सिडंट, अर्थात ऑक्सिडीकरणरोधक. शरीराने स्वतःही अशी व्यवस्था करून ठेवलेली आहे. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या संशोधकांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेस या विकराचे कार्य उलगडून दाखवले, तेव्हा शरीराच्या या अंगभूत संरक्षणाची ओळख जगाला पटली.

वनस्पतींनाही हेच संकट असते, आणि त्यांना तर पळून जाता येत नाही. मूळ जमिनीत एका जागी रुतलेले असते. बुरशी, जिवाणू, कीटक, दुष्काळ, साचलेले पाणी या सर्वांना त्याने जागच्या जागी तोंड द्यायचे असते. म्हणून अनेक वनस्पती आपल्या मुळांत फिनॉलवर्गीय द्रव्ये, टॅनिने, अल्कलॉइडे अशी संरक्षक रसायने साठवून ठेवतात. त्यांतील काही मुक्त मूलकांना शांत करू शकतात, तर काहींचा मानवी शरीरावर औषधी परिणाम होतो. मुळांना औषधांत इतके मानाचे स्थान का मिळाले, याचे हे एक कारण आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात वनस्पतींचे एक वर्गीकरण आहे. ज्यांचे मूळ औषधात श्रेष्ठ अशा सोळा 'मूलिनी' आणि ज्यांचे फळ श्रेष्ठ अशा एकोणीस 'फलिनी' तेथे सांगितल्या आहेत. निशोत्तर आणि इंद्रायण यांसारख्या मूलिनींचा उपयोग शरीरशुद्धीसाठी कसा करायचा, तेही तेथेच येते. म्हणजे वनस्पतीचे नुसते नाव देऊन ग्रंथकार थांबलेला नाही. कोणते अंग, कोणत्या कर्मासाठी, हे त्याने नेमके सांगितले आहे. हा नेमकेपणा आजच्या संशोधनात उतरला आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

अशा बहुतेक शोधनिबंधांतील प्रयोगाची रीत साधारण एकच असते. मूळ आणून, वाळवून, दळून त्याचे चूर्ण करतात. ते मिथेनॉल, इथाइल ॲसिटेट किंवा पाण्यात भिजवून अर्क काढतात. मग डीपीपीएच नावाच्या एका रसायनाचे द्रावण घेतात. हे रसायन स्वतःच एक स्थिर मुक्त मूलक आहे आणि त्याच्या द्रावणाचा रंग गडद जांभळा असतो. त्यात अर्काचे थेंब टाकले आणि अर्कात मूलक शमवणारी द्रव्ये असली, तर जांभळा रंग उतरून द्रावण पिवळे पडते. ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग किती उतरला ते यंत्राने मोजतात आणि क जीवनसत्त्वाशी त्याची तुलना करतात. ही पद्धत ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. ती स्वस्त आहे, सोपी आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सत्रात पूर्ण करता येते. प्राथमिक चाचणी म्हणून तिचे मोल निश्चितच आहे.

पण ती चाचणी सांगते काय? अर्कातील द्रव्ये काचेच्या नळीत एका विशिष्ट रसायनाचा रंग उतरवतात, एवढेच. साधा कोरा चहा टाकला तरी हा रंग उतरतो. अर्कातील द्रव्य आतड्यातून रक्तात जाते काय, यकृतात गेल्यावर त्याचे काय होते, ज्या अवयवाला त्याची गरज आहे तेथवर ते पोहोचते काय, आणि पोहोचलेच तर रोग्याला बरे वाटते काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या नळीत नसते. विष आणि औषध यांतील भेदही तिला कळत नाही. बचनागाच्या मुळातील ॲकोनिटीन हृदयाची गती बिघडवून माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणूनच आपल्या वैद्यांनी त्या मुळाचे गोमूत्रात किंवा दुधात शोधन केल्याखेरीज ते वापरायचे नाही, असा दंडक घातला. रंग मोजणाऱ्या यंत्राला असा दंडक ठाऊक नाही.

यात आणखी एक विसंगती आहे. आयुर्वेदाने वनस्पतीतून औषध काढण्याच्या पाच मूळ रीती सांगितल्या: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. शिवाय अश्वगंधा, शतावरी यांसारख्या मुळांसाठी दुधात आटवलेला क्षीरपाक आहे. प्रत्येक रीतीत पाणी किती, उष्णता किती, आटवायचे किती याचा हिशेब आहे. द्रव्याचे कोणते घटक उतरून यावेत, हे त्या हिशेबावर अवलंबून असते. प्रयोगशाळेत मात्र सोयीचे म्हणून मिथेनॉल वापरले जाते. मिथेनॉल पोटात गेले तर दृष्टी जाते. ज्या रूपात कोणीही ते मूळ कधी घेतले नाही आणि घेणार नाही, त्या रूपाची परीक्षा करायची आणि निष्कर्ष मात्र परंपरेच्या नावावर जमा करायचा, हा कोणता न्याय?

काचेच्या नळीवरून माणसावर उडी मारण्याचे परिणाम काय होतात, याचा धडा पाश्चात्य वैद्यकाने मोठी किंमत मोजून घेतला आहे. बीटा-कॅरोटीन हे गाजरातील द्रव्य उत्तम अँटिऑक्सिडंट मानले जात होते. ते गोळीच्या रूपाने दिले तर फुप्फुसाचा कर्करोग टळेल, अशा आशेने फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष हाती आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेत १८,३१४ जणांवर अशीच एक चाचणी चालू होती. तेथेही कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक दिसल्यामुळे ती १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. पुढे २०१२ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा आपला प्रसिद्ध तक्ताच मागे घेतला. नळीतील हे आकडे माणसाच्या आरोग्याशी जुळत नाहीत आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, असे कारण त्या खात्याने दिले. ज्या देशातून ही मोजपट्टी आपल्याकडे आली, त्या देशाने ती बाजूला ठेवून आता तप लोटले आहे. आपण मात्र अजून तिच्यावरच आपल्या वनौषधींची उंची मोजत आहोत.

असे का झाले असावे? मुक्त मूलके ही केवळ शत्रू नाहीत, हे आता स्पष्ट झाले आहे. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी याच मूलकांच्या माऱ्याने जंतूंना मारतात. पेशी परस्परांना संदेश देतानाही त्यांचा उपयोग करतात. त्यांचा समूळ नायनाट करणे म्हणजे शत्रू समजून घरचा पहारेकरीच हाकलण्यासारखे आहे. शरीराला हवा असतो तो समतोल. चरकाने रोगकारणांची चर्चा करताना अतियोग, अयोग आणि मिथ्यायोग अशा तीन संज्ञा वापरल्या. चांगल्याचाही अतिरेक रोगाला कारण होतो, हे त्या चर्चेचे सार आहे. जे आपल्या वैद्यकाचे मूलतत्त्व, तेच आपल्या औषधांच्या वेष्टनावरून पुसले जावे, याचा खेद वाटतो.

'रसायन' या संज्ञेचा अनुवाद सर्रास 'अँटिऑक्सिडंट' असा केला जातो, तोही याच कारणासाठी आम्हाला मान्य नाही. रसायन चिकित्सेत औषधाबरोबर आहार आहे, निद्रा आहे, आचार आहे, शरीरशुद्धी आहे, रोग्याचे वय आणि प्रकृती आहे. तिचा आशय जांभळ्या द्रावणाच्या एका नळीत मावणारा नाही. स्वतःच्या समृद्ध संज्ञेला दुसऱ्याच्या अपुऱ्या शब्दाचे ठिगळ लावायचे आणि त्याला मान्यता समजायचे, हा न्यूनगंडच म्हणावा लागेल, मग तो कितीही अभिमानाच्या भाषेत व्यक्त होवो.

मग मुळांवर संशोधन करूच नये काय? अवश्य करावे, आणि ते कसे करावे याचा उत्तम वस्तुपाठ आपल्याच देशात, आपल्याच मुंबईत घालून दिलेला आहे. तो आहे सर्पगंधेचा. या वनस्पतीचे मूळ उन्माद आणि निद्रानाश यांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लेख लिहिला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या मुळातून अल्कलॉइडे वेगळी केली. आणि १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर या मुळाची पद्धतशीर चाचणी घेऊन तिचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. जगाचे डोळे उघडले ते या निबंधाने. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे केले आणि रक्तदाबावरील आधुनिक औषधांचा एक नवा अध्याय सुरू झाला. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या घटनाक्रमात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, डॉ. वकील यांनी आपला प्रश्न रुग्णाच्या खाटेशी उभे राहून विचारला. या मुळाने या माणसाचा रक्तदाब उतरतो काय, किती उतरतो, किती दिवसांनी उतरतो, आणि उतरताना दुसरा काही त्रास होतो काय? पुढे रेसर्पीनच्या मोठ्या मात्रेने काही रुग्णांच्या मनावर मळभ येते, अशा नोंदी झाल्या. त्या कोणी दडपल्या नाहीत. मात्रा घटवली गेली, रुग्ण निवडताना काळजी घेतली जाऊ लागली. सर्पगंधेची प्रतिष्ठा त्याने कमी झाली नाही. औषधाचे गुण आणि दोष दोन्ही उघडपणे मांडता येणे, हीच शास्त्राची प्रतिष्ठा असते.

अश्वगंधेच्या बाबतीतही योग्य दिशेचे काम झालेले आहे. पंडित मदनमोहन मालवीय यांनी स्थापन केलेल्या बनारस हिंदू विद्यापीठात भट्टाचार्य, सत्यन आणि घोषाल या संशोधकांनी या मुळातील विदॅनोलाइडवर्गीय द्रव्ये उंदरांना देऊन मेंदूतील संरक्षक विकरांचे प्रमाण तपासले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार ते प्रमाण वाढले होते. येथे प्रश्न एक पायरी वर गेलेला आहे. मूळ स्वतः मूलके शमवते काय, यापेक्षा ते शरीराची अंगभूत संरक्षणव्यवस्था जागी करते काय, हा प्रश्न रसायन संकल्पनेच्या कितीतरी जवळचा आहे. तरीही उंदीर म्हणजे माणूस नव्हे. अश्वगंधेने ताण आणि निद्रा यांवर होणाऱ्या परिणामांच्या माणसांवरील चाचण्या त्यानंतर झाल्या आणि त्यांतील काहींचे निष्कर्ष आशादायक आहेत; पण त्यांतील बहुतेक अल्पसंख्य व्यक्तींवर, थोड्या आठवड्यांसाठी झालेल्या आहेत. या पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याचे काम बाकी आहे.

ते न केल्यास काय होते, तेही पाहावे. मागणी वाढली तसे काही उत्पादक मुळाऐवजी स्वस्त पाने अर्कात वापरू लागले. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना सूचना द्यावी लागली की, परंपरेने मुळाचाच आधार आहे, पानांचा वापर टाळावा. २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदीच घातली. परदेशांत पूरक आहार म्हणून विकल्या गेलेल्या काही उत्पादनांनंतर यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. अशा वेळी 'हे आपल्याविरुद्धचे कारस्थान आहे' असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण त्या उत्पादनात मूळ होते की पान, अर्क किती पट आटवलेला होता, मात्रा कोणी ठरवली, असे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे पुराव्यानिशी जगापुढे ठेवणे, हेच त्यावरचे खरे उत्तर आहे.

पुराव्याने काय साधते, याचा अनुभव आपल्याला आहे. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ती लढाई मोर्चाने जिंकली गेली नाही. संस्कृत, हिंदी आणि उर्दू ग्रंथांतील व नियतकालिकांतील जुने लेखी संदर्भ शोधून, त्यांची भाषांतरे करून ती जिंकली गेली. त्यातूनच पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. ज्ञान आपले आहे, हे त्या लढ्याने सिद्ध केले. ते रुग्णाच्या उपयोगी पडते हे सिद्ध करण्यासाठी तितकीच चिकाटी लागणार आहे.

आता या विषयाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. प्रयोगशाळेत ती क्वचितच चर्चिली जाते. पान तोडले तर झाड पुन्हा पालवते, फळ घेतले तर पुढच्या हंगामात पुन्हा येते. मूळ खणले की वनस्पती संपते. आपल्या घरोघरी परिचित असलेल्या दशमूलारिष्टाचेच पाहा. त्यातील दहा मुळांपैकी सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू या लहान वनस्पती आहेत. पण बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि अग्निमंथ हे वृक्ष व मोठी झाडे आहेत. त्यांचे मूळ हवे तर वाढलेल्या झाडाचा जीव घ्यावा लागतो. म्हणून व्यापारात मुळाऐवजी खोडाची साल वापरण्याचा प्रघात पडला. ती साल मुळाइतकीच गुणकारी आहे काय, हा खरोखर संशोधनाचा विषय आहे. उत्तर होकारार्थी आले तर अनेक झाडे वाचतील, आणि नकारार्थी आले तर आपण रुग्णाला काय देत आहोत, ते तरी कळेल.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या अहवालानुसार २०१४-१५ मध्ये देशात वनौषधींचा वापर सुमारे ५ लाख १२ हजार टन होता. १,१७८ प्रजाती व्यापारात होत्या आणि त्यांपैकी २४२ प्रजातींची उलाढाल वर्षाला शंभर टनांहून अधिक होती. यातील मोठा वाटा अजूनही रानातून खणून किंवा तोडून आणला जातो. ज्या सर्पगंधेने देशाला कीर्ती मिळवून दिली, तिची रानातील संख्या इतकी घटली की १९९० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत घालावे लागले. हिमालयातील कुटकी आणि जटामांसी १९९७ मध्ये त्याच यादीत आल्या. कुष्ठ तर त्याहून कडक यादीत आहे. एखाद्या मुळाच्या गुणांची बातमी छापून येते, मागणी वाढते, दलाल रानात पोहोचतो आणि काही वर्षांत ते मूळ दुर्मीळ होते. अर्धवट सिद्ध झालेल्या दाव्याची अशी किंमत जंगल मोजते.

आणि मूळ दुर्मीळ झाले की भेसळ येते. वाळलेली मुळे परस्परांसारखी दिसतात. दळल्यावर तर जाणकारही चकतो. आपल्या सह्याद्रीच्या रानांत आढळणारी उपळसरी, म्हणजेच अनंतमूळ, हिच्या नावाखाली दक्षिणेतील दुसऱ्याच एका वेलीची जाड, तशाच सुवासाची मुळे बाजारात येतात. अशा बाजारातून आणलेल्या चूर्णावर प्रयोग करून काढलेला आकडा कोणत्या वनस्पतीचा मानायचा? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी वनस्पतींचे प्रमाणित नमुने जपलेले आहेत. प्रत्येक संशोधकाने आपला नमुना अशा संग्रहाशी पडताळून मगच नळी हाती धरावी, एवढी शिस्त तरी पाळली गेली पाहिजे.

वनस्पती ओळखणाऱ्या माणसांचाही येथे विचार केला पाहिजे. रानात शेळ्या-मेंढ्या आणि गाई राखणाऱ्यांना आणि इतर वनचरांना वनौषधींची नावे व रूपे ठाऊक असतात, असे चरकाने मोकळेपणाने नमूद केले आहे. आणि त्याच ठिकाणी, नुसते नाव-रूप कळल्याने उपयोग कळत नाही, असेही बजावले आहे. ज्ञानाच्या या दोन्ही वाटेकऱ्यांचा मान राखणारी ही दृष्टी आहे. आज कळवणच्या किंवा धडगावच्या डोंगरात मूळ खणणाऱ्या वनवासी बांधवाला त्याचा किती मोबदला मिळतो आणि शहरातील सजवलेल्या डबीची किंमत किती असते, याची तुलना प्रत्येकाने करून पाहावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील त्याचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क बाजारभावात उतरला, तर जंगल राखण्यात त्याचे हित राहील. मूळ कोणत्या ऋतूत काढावे, पाने गळून गेल्यावर काढावे की नवी फुटल्यावर, यासंबंधीचे जुने नियम बी पडून गेल्यानंतरच खणण्याची सवय लावणारे आहेत. ते नियम त्याला ठाऊक आहेत. घाई असते ती व्यापाऱ्याला. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर पट्ट्यातील शेतकऱ्यांनी अश्वगंधेचे पीक शेतात घेऊन दाखवले आहे. हा मार्ग इतर मुळांसाठीही, आणि आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठीही, चोखाळण्याजोगा आहे.

सारांश, तीन ठिकाणी काम व्हायला हवे. विद्यापीठांनी त्याच त्या रंग उतरवण्याच्या चाचण्यांवर पदव्या देणे कमी करून, वैद्य, औषधशास्त्रज्ञ आणि रुग्णालय यांना एकत्र आणणारे, ग्रंथोक्त कल्प आणि ग्रंथोक्त मात्रा वापरणारे दीर्घ अभ्यास हाती घ्यावेत. एका वर्षात शंभर निबंध येण्यापेक्षा दहा वर्षांत एक सर्पगंधा सिद्ध झाली, तर देशाचे अधिक भले होईल. उत्पादकांनी वेष्टनावर 'अँटिऑक्सिडंट' असे ठळक छापण्याऐवजी वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेले अंग, अर्काचे प्रमाण आणि माल कोठून आला, हे छापावे. आणि आपण, ग्राहक म्हणून, ते मागावे.

घरोघरीच्या वाचकांना आम्ही विशेष आग्रहाने एक गोष्ट सांगू इच्छितो. आपल्या आज्या बाळगुटीचे वेखंड किंवा अतिविष सहाणेवर उगाळताना वळसे मोजत असत. कशाचा एक वळसा, कशाचे दोन, आणि अंगात ताप असेल तर कशाचा अजिबात नाही, हे त्यांना ठाऊक असे. त्या मोजण्यातच औषधाविषयीचा आदर होता. २०२० च्या महासाथीत अनेक घरांतून दिवसातून चार-चार वेळा काढे उकळले गेले, तेव्हा हा आदर कोठे गेला होता? वनस्पतीपासून आले म्हणजे निरुपद्रवी, हा समज आयुर्वेदाचा नव्हे. नीट न जाणता वापरलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे घातक ठरते आणि जाणून वापरलेले अमृतासारखे, असा चरकाचा इशारा आहे. तेव्हा मधुमेहाची वा रक्तदाबाची चालू गोळी एखाद्या मुळाच्या भरवशावर परस्पर बंद करू नये. गर्भवती, तान्ही मुले आणि यकृताचे रुग्ण यांना जाणत्या वैद्याच्या सल्ल्याविना काही देऊ नये, आणि आपण कोणते चूर्ण घेतो हे आपल्या डॉक्टरांना न संकोचता सांगावे.

गावोगावी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना तर यात करण्यासारखे पुष्कळ आहे. शाळेच्या आवारात, देवराईच्या कडेला, ग्रामपंचायतीच्या पडीक जागेत बेल, टेटू, शिवण आणि पाडळ यांची रोपे लावता येतील. परिसरातील जाणत्या वैदूंबरोबर रानात फिरून, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावाने, वनस्पतींची नोंदवही करता येईल. जैवविविधता कायद्याने २००२ पासून अशा लोकनोंदवहीची तरतूद केलेली आहे. महाविद्यालयातील एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला या कामाची गोडी लावता आली, तर उद्याचा एखादा वकील त्यातूनच घडेल.

आपल्या मुळांवर जगाने विश्वास ठेवावा, असे आपल्याला वाटते. पण विश्वास मागून मिळत नाही. तो सोसलेल्या परीक्षांमधून येतो. परीक्षेला भिणारी परंपरा आपली नाही. आप्तवचनाबरोबरच प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही ज्ञानाची साधने मानणारे आपले वैद्यक आहे. त्याच्या वारसांनी काचेच्या नळीतील पिवळ्या रंगावर समाधान मानावे, हे त्याला शोभणारे नाही. अधिक कठीण प्रश्न विचारू या, त्यांची उत्तरे मिळेपर्यंत जमिनीतील मुळे जपू या, आणि मग जे सिद्ध होईल ते निःशंकपणे जगाच्या हाती ठेवू या.